गाडीचा पिवळा दिवा आणि घरचा हिशेब

भिवंडीत एक काळ असा होता की घरातला कमावता माणूस म्हणजे मागावर, नाहीतर हमालीवर. माग आजही आहेत. पण अंजूरफाट्यापासून मानकोलीपर्यंत, राहनाळ, पूर्णा, वळ, काल्हेर या पट्ट्यात गोदामे उभी राहिली आणि आपल्या वस्त्यांतील अनेक तरुणांच्या हाती स्टिअरिंग आले. कुणी कंपनीच्या कामगारांची ने-आण करतो, कुणी शाळेची मुले सोडतो, कुणी गोदामातला किरकोळ माल पोहोचवतो. बऱ्याच जणांनी कर्ज काढून जुनी वॅगन आर किंवा इको घेतलेली असते. महिन्याच्या ठरलेल्या तारखेला हप्ता जातो. गाडी एक दिवस बंद राहिली तर त्या दिवसाची चूल उधारीवर पेटते.

अशा घरात एके दिवशी गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागतो. एक जण म्हणतो, “दिवाच आहे, चालू दे.” दुसरा म्हणतो, “सेन्सर गेला, चार-पाच हजार काढून ठेव.” दोन्ही सल्ले ऐकणाऱ्याच्या खिशाला महाग पडतात. म्हणून हा दिवा काय सांगतो, आणि त्यातही गाडी ‘लीन’ चालते असे मेकॅनिक म्हणतो तेव्हा काय तपासावे, हे आज सविस्तर पाहू.

दिव्याचा रंग ओळखा

लाल दिवा आणि पिवळा दिवा यांत फरक आहे. ऑइलचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला, तर गाडी बाजूला घेऊन इंजिन ताबडतोब बंद करावे. इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा स्थिर जळत असेल तर गाडी सावकाश चालवत घरी किंवा गॅरेजपर्यंत नेता येते. मात्र तोच पिवळा दिवा उघडझाप करू लागला, तर इंजिन जोरात मिसिंग करत आहे असे समजावे. अशा वेळी न जळालेले पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि तो भाग अति तापून निकामी होतो. तो फार महागडा भाग आहे. तेव्हा उघडझाप करणाऱ्या दिव्यावर भाडे मारू नये.

‘लीन’ म्हणजे काय?

घरातला रॉकेलचा स्टोव्ह आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला आहे. हवा आणि रॉकेल यांचे प्रमाण जमले की ज्योत निळी होते. बिघडले की ती पिवळी होते, नाहीतर भपकन् विझते. इंजिनातही तेच. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा लागते. हवा जास्त आणि पेट्रोल कमी झाले की मिश्रण पातळ होते. त्यालाच मेकॅनिक ‘लीन’ म्हणतात. उलट झाले की ‘रिच’.

कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी प्रीमियर पद्मिनी किंवा सुरुवातीची मारुती ८०० यांत हे काम कार्ब्युरेटर करीत असे. उस्ताद कान लावून स्क्रू फिरवायचा आणि मिश्रण जमवायचा. पुढे इंजेक्शनच्या गाड्या आल्या आणि स्क्रूची जागा कॉम्प्युटरने घेतली. सायलेन्सरच्या पाइपात बसवलेला ऑक्सिजन सेन्सर धुरात किती ऑक्सिजन उरला ते कॉम्प्युटरला कळवतो. बॉश कंपनीने असा सेन्सर १९७६ मध्ये बाजारात आणला. दोष सापडला की नोंद करून दिवा लावण्याची ‘ओबीडी’ नावाची व्यवस्था अमेरिकेत १९९६ पासून सर्व नव्या मोटारींना सक्तीची झाली. आपल्याकडे तिचा पहिला टप्पा २०१० मध्ये आणि अधिक कडक दुसरा टप्पा २०१३ मध्ये लागू झाला. म्हणजे त्यानंतरची जी जुनी गाडी आज आपण विकत घेतो, तिच्यात ही सोय आहेच.

मी पेशाने कारकून, म्हणून कॉम्प्युटरचे काम हिशेबाच्या भाषेत सांगतो. गाडीच्या कॉम्प्युटरकडे पेट्रोलचे ठरलेले अंदाजपत्रक असते. सेन्सरने ‘हवा जास्त’ असे कळवले की तो थोडे जादा पेट्रोल मंजूर करतो. ही रोजची किरकोळ उचल झाली. तिला ‘शॉर्ट टर्म ट्रिम’ म्हणतात. रोजच उचल द्यावी लागली की ती कायमच्या खात्यावर चढते, तिला ‘लाँग टर्म ट्रिम’ म्हणतात. हे आकडे शून्याच्या आसपास, पाच टक्के वरखाली असले तर गाडी निरोगी. दहाच्या पुढे गेले तर कुठेतरी गळती आहे. आणि बहुतेक गाड्यांत वीस-पंचवीस टक्क्यांच्या घरात पोहोचले की कॉम्प्युटर हात टेकतो, खात्यावर शेरा मारतो आणि दिवा लावतो. तो शेरा म्हणजे कोड पी ०१७१, अर्थात ‘मिश्रण फार पातळ’.

कोड ही तक्रार आहे, निकाल नव्हे

सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट ही. पी ०१७१ हा कोड ‘मिश्रण पातळ आहे’ एवढेच सांगतो. ‘ऑक्सिजन सेन्सर बदला’ असे तो सांगत नाही. उलट पुष्कळदा तो सेन्सर आपले काम चोख करीत असतो, म्हणूनच दिवा लागतो. वाईट बातमी आणणाऱ्या पोस्टमनला नोकरीवरून काढण्याचा हा प्रकार आहे.

आमच्या वस्तीतील एका तरुणाचे उदाहरण सांगतो. जुनी गाडी, घरात आई, पत्नी आणि दोन शाळकरी मुले. दिवा लागला, गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, कोड निघाला आणि लगोलग ऑक्सिजन सेन्सर बदलला. पाच हजारांच्या वर बिल झाले. मोठ्या मुलीच्या क्लासची फी त्या महिन्यात थकली. चौथ्या दिवशी दिवा पुन्हा लागला. आता “कॉम्प्युटरच गेला असेल” असे सांगण्यात आले. तेव्हा तो माझ्याकडे कागद घेऊन आला. आम्ही दुसऱ्या, वयस्कर उस्तादाकडे गेलो. त्यांनी आधी काहीच सुटे केले नाही. बॉनेट उघडून पाइपांवरून बोटे फिरवली आणि इंजिनाच्या मागच्या बाजूची एक रबरी नळी वाकवून दाखवली. खालच्या बाजूने ती उंदराने कुरतडली होती. नळी आणि दोन क्लिपा मिळून दोनशे रुपयांच्या आत काम झाले. गाडी रात्री गोदामाशेजारी उभी राहत असे. धान्याच्या आणि कापडाच्या गोदामांत उंदीर किती, हे भिवंडीकरांना सांगायला नको.

तपासणी कोणत्या क्रमाने करावी?

नियम साधा आहे. आधी फुकटची तपासणी, मग स्वस्त, आणि सगळ्यांत शेवटी महाग.

१. वहीत नोंद करा. दिवा कधी लागला? थंड इंजिनावर की गरम झाल्यावर? उभे असताना की चढावर? नुकतेच पेट्रोल भरले होते का? नुकतीच सर्व्हिसिंग झाली होती का? सर्व्हिसिंगनंतर लगेच दिवा लागला असेल तर एखादी नळी किंवा क्लिप नीट बसली नसण्याचीच शक्यता अधिक.

२. बॉनेट उघडून पाहा. इंजिन बंद आणि थंड असावे. एअर फिल्टरच्या डब्याच्या क्लिपा बसल्या आहेत का? डब्यापासून थ्रॉटलपर्यंतच्या रबरी नळकांड्याला घड्यांमध्ये चीर आहे का? ऑइल भरण्याचे झाकण आणि ऑइल मोजण्याची पट्टी घट्ट आहे का? ब्रेक बूस्टरकडे जाणारी जाड नळी, इंजिनाच्या झाकणावरून निघणारी श्वासनळी आणि पेट्रोलच्या टाकीची वाफ आणणारी बारीक नळी, या तिन्ही बोटांनी चाचपून पाहाव्यात. फाटलेल्या नळीतून इंजिन चोरून हवा ओढते आणि मिश्रण पातळ होते.

३. कान लावा. इंजिन चालू करून उभ्या गाडीत ‘स्स्स’ असा आवाज येतो का ते ऐका. दोन फुटी रबरी नळीचे एक टोक कानाशी धरून दुसरे टोक सांध्यांजवळून फिरवले तर गळतीची जागा सापडते. हे करताना गाडी मोकळ्या जागेत असावी, हँडब्रेक ओढलेला असावा, बाह्या, ओढणी, पदर पट्ट्यापासून दूर असावा. रेडिएटरचा पंखा अचानक सुरू होतो. पेट्रोल किंवा स्प्रे मारून गळती शोधण्याचा प्रकार काही जण करतात. तो घरी मुळीच करू नये, आग लागते. चांगल्या गॅरेजमध्ये धूर सोडून गळती दाखवणारे यंत्र असते.

४. स्कॅनरचे आकडे दोनदा वाचा. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचे सॉकेट असते. त्यात स्कॅनर बसतो. आता मोबाइलला जोडणारे छोटे स्कॅनरही मिळतात. चार-पाच चालकांनी वर्गणी काढून एक घेतला तरी सर्वांचे काम भागते. इंजिन गरम झाल्यावर ट्रिमचे आकडे आधी उभ्या गाडीत वाचावेत, मग फेरे अडीच हजारांवर धरून वाचावेत. उभे असताना आकडा मोठा आणि रेस वाढवल्यावर तो उतरला, तर संशय हवेच्या गळतीवर. उभे असताना ठीक आणि रेस केल्यावर किंवा चढावर आकडा वाढत गेला, तर पेट्रोल कमी पडते आहे. दोन्ही वेळा सारखाच मोठा असेल तर हवा मोजणारा सेन्सर, पेट्रोलचा दाब किंवा पेट्रोलची जात तपासावी. काही गाड्यांत हवा थेट न मोजता नळीतील दाब मोजतात. अशा गाडीत हवा गळत असेल तर आकड्यांपेक्षा उभ्या गाडीचा आरपीएम चढलेला दिसतो. आपली गाडी कोणत्या जातीची, हे उस्तादाला विचारून घ्यावे.

५. पेट्रोलची बाजू. फिल्टर तुंबला, पंप थकला किंवा इंजेक्टरमध्ये घाण बसली तर पेट्रोल कमी पडते. गेज लावून पंपाचा दाब मोजता येतो. पुष्कळ गाड्यांत तो तीन बारच्या आसपास असतो. दाब मोजल्याशिवाय पंप बदलू देऊ नये.

६. हवेचा सेन्सर. भिवंडीच्या हवेत रस्त्याची धूळ आणि मागाचा बारीक कापूस दोन्ही असतात. फिल्टर फाटका असेल किंवा डब्यात नीट बसत नसेल, तर ही घाण हवा मोजणाऱ्या तारेवर बसते आणि सेन्सर हवा कमी सांगतो. कॉम्प्युटर त्या मापाने पेट्रोलही कमी देतो. त्यासाठी खास मिळणाऱ्या स्प्रेने तो साफ होतो. बोट, ब्रश किंवा कापड लावू नये.

७. सायलेन्सरची फट. ऑक्सिजन सेन्सरच्या आधी पाइपाला तडा असेल तर बाहेरची हवा आत खेचली जाते आणि सेन्सरला मिश्रण पातळ वाटते. प्रत्यक्षात ते ठीक असते. सकाळी थंड इंजिन सुरू करताना ‘टक टक’ आवाज आणि सांध्यावर काजळी दिसली तर इथे पाहावे.

८. सर्वांत शेवटी ऑक्सिजन सेन्सर. नेहमीच्या जातीचा चांगला सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान सारखा वरखाली होत असतो. मिश्रण मुद्दाम घट्ट केल्यावरही तो खालीच अडकून राहिला, तरच तो दोषी.

सीएनजीवाल्यांसाठी एक फुकटची परीक्षा

आपल्याकडे पुष्कळ गाड्या पेट्रोल आणि सीएनजी दोन्हींवर चालतात. त्यांचे इंजिन, हवेची वाट आणि ऑक्सिजन सेन्सर एकच असतात. तेव्हा दोन्हींवर चालवून पाहा. दोन्हींवर मिश्रण पातळ येत असेल तर दोष हवेच्या वाटेत किंवा सेन्सरमध्ये. फक्त पेट्रोलवर येत असेल तर पेट्रोलचा पंप, फिल्टर, इंजेक्टर पाहावेत. फक्त सीएनजीवर येत असेल तर गॅसचा फिल्टर, रिड्यूसर आणि गॅसचे इंजेक्टर पाहावेत. महिनोन्महिने केवळ गॅसवर गाडी चालवली की टाकीतले पेट्रोल जुने होते आणि इंजेक्टर चिकटतात. आठवड्यातून काही किलोमीटर पेट्रोलवर चालवावे, टाकीत थोडे ताजे पेट्रोल ठेवावे.

इथेनॉलचे पेट्रोल आणि जुनी गाडी

वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल २०२३ पासून टप्प्याटप्प्याने पंपांवर आले आणि २०२५ पर्यंत देशभर पसरले. इथेनॉलच्या अंगातच ऑक्सिजन असतो. त्याच्या एका भागाला फक्त ९ भाग हवा लागते. त्यामुळे दहा टक्के मिश्रणावरून वीस टक्क्यांवर गेल्यावर त्याच हवेसाठी सुमारे चार-पाच टक्के जादा इंधन सोडावे लागते. निरोगी गाडीचा कॉम्प्युटर एवढी उचल सहज देतो, दिवा लागत नाही. पण फाटक्या नळीमुळे किंवा तुंबलेल्या फिल्टरमुळे ज्या गाडीचे खाते आधीच पंधरा टक्क्यांवर होते, तिला हे पाच टक्के जड जातात. म्हणून दिवा लागला की सगळा दोष पेट्रोलवर टाकून मोकळे होऊ नये. आधीची गळती शोधावी.

इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी असल्याने अॅव्हरेजही घटते. दहा टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या जुन्या चारचाकींत ही घट सहा-सात टक्के होईल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात दिला होता. काही जुन्या गाड्यांचे रबरी भाग आणि गास्केट बदलावे लागू शकतात, असे पेट्रोलियम मंत्रालयानेही २०२५ मध्ये सांगितले. आपल्या गाडीला कोणते पेट्रोल चालते, हे मालकाच्या पुस्तिकेत पाहावे.

पावसाळ्यात आणखी एक काळजी घ्यावी. इथेनॉल पाणी शोषून घेते. टाकीत पाणी जास्त गेले तर इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी बसतात आणि पंप नेमका तळातूनच खेचतो. टाकीचे झाकण घट्ट असावे. पंपावर पेट्रोलची घनता तपासून मागण्याचा आणि पाच लिटरच्या मापाने माप पाहण्याचा ग्राहकाला हक्क आहे. मागायला संकोच करू नये.

पीयूसीतही हेच कळते

बीएस-४ आणि त्यानंतरच्या पेट्रोल गाड्यांच्या पीयूसी तपासणीत ‘लॅम्डा’ नावाचा आकडा पाहिला जातो. हवा-पेट्रोलचे प्रमाण अचूक असेल तर तो १ येतो. जादा रेसवर तो साधारण ०.९७ ते १.०३ यांच्या आत असावा. त्याहून वर गेला तर मिश्रण पातळ, किंवा सायलेन्सरला फट. तेव्हा पीयूसीचा कागद घडी करून ठेवण्याआधी हा आकडा वाचावा. दिवा लागण्याच्या आधीच तो पुष्कळदा सूचना देतो.

आणि बॅटरीची तार काढून किंवा स्कॅनरने कोड पुसून दिवा विझवणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. थकबाकीची वही फाडली म्हणून देणे संपत नाही. उलट कॉम्प्युटरने जमवलेले आकडेही पुसले जातात आणि दोष शोधणे कठीण होते. कोड पुसण्यापूर्वी आकडे वहीत लिहून घ्यावेत, नाहीतर मोबाइलवर फोटो काढावा. खरा दोष दूर झाला की चार-पाच दिवसांच्या चालवण्यात ट्रिमचा आकडा आपोआप शून्याकडे सरकतो. दुरुस्ती झाल्याचा पुरावा तो आकडा आहे.

गॅरेजमध्ये काय बोलावे?

बहुतेक उस्ताद मेहनती आणि प्रामाणिक असतात. त्यांच्याशी भांडायला नको, पण विचारायला लाजू नये. “उस्ताद, हा भाग खराब आहे हे कशावरून कळले? आकडा दाखवा.” “बदललेला जुना भाग मला परत द्या.” “दुरुस्तीआधीचा आणि नंतरचा ट्रिम बिलावर लिहा.” एवढी तीन वाक्ये पाठ केली तरी पुष्कळ पैसे वाचतात. तपासणीची वेगळी मजुरी मागितली तर ती आनंदाने द्यावी. अंदाजाने भाग बदलण्यापेक्षा ती स्वस्तच पडते.

पक्के बिल घ्यावे. त्याशिवाय तक्रार उभी राहत नाही. फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी लागत नाही, आणि वकील नसला तरी स्वतः बाजू मांडता येते.

शेवटी पालकांना एक सांगणे. दहावीनंतर आयटीआयमध्ये ‘मेकॅनिक मोटर व्हेईकल’ हा दोन वर्षांचा ट्रेड आहे. त्यात मुलींनाही प्रवेश मिळतो. पान्हा चालवणारे हात भिवंडीत पुष्कळ आहेत. स्कॅनरचा आकडा वाचून दोष सांगणारी मुले-मुली फार थोडी आहेत. ज्याच्या घरी गाडी आहे त्याने आपल्या मुलांना बॉनेट उघडताना जवळ उभे करावे, वहीत नोंद त्यांच्याच हातून करून घ्यावी. पुढच्या वेळी दिवा लागेल तेव्हा पाकिटाआधी ती वही बाहेर निघावी.